एकाच घरात मनगटाची दोन फ्रॅक्चर : आईचे हाड जुळले, माझे अजून का जुळत नाही?

सक्करदरेकर

नमस्कार. गेल्या मे महिन्यात आमच्या घरात तीन दिवसांच्या अंतराने दोन मनगटे मोडली. आधी आई (वय ६१) पडली. दुपारी कूलरमध्ये पाइप लावून ठेवला होता, टाकी भरून ओसंडली, फरशीवर पाणी पसरले आणि नळ बंद करायला धावलेल्या आईचा पाय घसरला. तोल सावरण्यासाठी तिने उजवा हात पुढे टेकला आणि उठून पाहते तो मनगट पाठीच्या बाजूने वर उचलल्यासारखे वाकडे झालेले. सूज इतकी झपाट्याने चढली, की दवाखान्यात तिची सोन्याची पाटली कटरने कापावी लागली. हाडापेक्षा तिला तेच अधिक लागले. तिसऱ्या दिवशी मी (वय २७) रेशीमबागेच्या मैदानावर उंच झेल घेण्यासाठी मागे धावताना डाव्या तळहातावर पडलो. माझ्या मनगटाला ना बाक आला, ना फारशी सूज.

आईचे हाड त्याच दिवशी भूल देऊन, ओढून जागेवर बसवले, प्लास्टर घातले आणि सहा आठवड्यांनी ते काढलेही. हाड जुळले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. माझा एक्स-रे मात्र एका दवाखान्यात स्वच्छ निघाला. ‘मुका मार आहे, क्रेप बँडेज बांधा,’ एवढेच सांगण्यात आले आणि पुन्हा दाखवायला या, असे कोणी म्हटले नाही. अठराव्या दिवशी मोटरसायकलचा क्लच दाबताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ गेली, की गाडी बाजूला घ्यावी लागली. दुसऱ्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला, तेव्हा स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला मध्यभागी तडा दिसला. तेव्हापासून सहा आठवडे माझ्या हाताला प्लास्टर आहे. कालच्या एक्स-रेनंतर ‘अजून जुळल्याची खात्री वाटत नाही, सीटी स्कॅन करू, मग स्क्रूचा विचार करू,’ असे ते म्हणाले.

साठी ओलांडलेल्या बाईचे हाड सहा आठवड्यांत जुळते आणि तिशीच्या आतल्या मुलाचे जुळत नाही, याचा अर्थ काय लावायचा? नातेवाइकांच्या मते माझ्या अंगात कॅल्शियमच नाही. पहिल्या अठरा दिवसांत माझे किती नुकसान झाले, शस्त्रक्रिया टाळता येईल का, आणि आईचे हाड जुळूनही तिला पोळी का लाटता येत नाही, हे कोणी जाणकार समजावून सांगेल का?

मेडिकल चौकातला (अस्थिरोग)

तुमचे एक्स-रे मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. पण कॅल्शियमचा तर्क आधी बाजूला ठेवा. ‘मनगट मोडले’ हे दोन शब्द तुम्हा दोघांनाही लागू पडत असले, तरी मोडलेली हाडे वेगवेगळ्या स्वभावाची आहेत.

आईंचे मोडले ते रेडिअस, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत अंगठ्याच्या बाजूने येणाऱ्या लांब हाडाचे खालचे टोक. हे टोक रुंद असते, आतून जाळीदार असते आणि त्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. असे हाड मोडले तर ते जुळणार की नाही, ही काळजी सहसा नसते; काळजी असते ती वाकडे जुळण्याची. म्हणूनच ते ओढून सरळ बसवतात आणि पहिले दोन-तीन आठवडे पुन्हा पुन्हा एक्स-रे काढून ते जागेवरून घसरले तर नाही ना, हे पाहतात. तुम्ही वर्णन केलेला उचललेल्या मनगटाचा आकार इतका ठरीव आहे, की पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्याची उपमा त्याला जगभर दिली जाते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलीस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे त्यांनी जे लिहिले, ते केवळ डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून. आमच्या पिढीने आधी फिल्म उजेडात धरायची आणि मग वेळ उरला तर हात धरायचा, ही सवय लावून घेतली आहे. तुमच्या बाबतीत जे घडले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी तिथेच असावे.

आता तुमचे हाड. मनगटात आठ लहान हाडे चार-चारच्या दोन ओळींत बसलेली असतात. त्यांपैकी सर्वाधिक वेळा मोडते ते स्कॅफॉइड. आकाराने ते काजूगरासारखे असते आणि दोन्ही ओळींना जोडणाऱ्या दांड्यासारखे मधोमध अडकलेले असते, त्यामुळे तळहातावर पडल्यावर त्याच्या कमरेवर, म्हणजे मधल्या अरुंद भागावर, सगळा भार येतो. त्याचा सुमारे ८० टक्के पृष्ठभाग सांध्याच्या गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असल्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागाच थोडी उरते. बहुतेक रक्त हाताच्या पाठीच्या बाजूने, बोटांकडच्या भागातून आत शिरते आणि तिथून उलटे, कोपराच्या दिशेने वाहते. नळाची लाइन गल्लीच्या शेवटच्या घरापाशी शिरून उलटी पहिल्या घराकडे आणली आहे, अशी कल्पना करा. मध्येच पाइप फुटला, तर कोरडी पडतात ती अलीकडची घरे. म्हणून या हाडाच्या बोटांकडच्या टोकाला तडा गेला तर तो चार ते सहा आठवड्यांत भरून येतो, कमरेपाशी गेला तर आठ ते बारा आठवडे लागतात, आणि कोपराकडच्या टोकाला गेला तर त्याहूनही अधिक. त्या टोकाचा तुकडा रक्ताअभावी मृत होण्याचीही भीती असल्याने तिथे आम्ही बहुधा प्लास्टरची वाट न पाहता स्क्रूच सुचवतो. तुमचे फ्रॅक्चर कमरेचे आहे आणि प्लास्टरला सहाच आठवडे झाले आहेत. ‘जुळत नाही’ असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

पहिल्या एक्स-रेत तडा न दिसणे ही नवलाची गोष्ट नव्हे. हाड जागेवरून हललेले नसेल, तर रेष केसाएवढी असते आणि हाड मनगटात तिरपे बसलेले असल्याने ती लपते. दहा ते चौदा दिवसांत तड्याच्या कडा थोड्या विरघळतात, फट रुंदावते आणि मग ती दिसू लागते. चूक झाली असेल तर ती पुढच्या पायरीत. अंगठा ताठ करून बाजूला ताणला, की त्याच्या मुळाशी दोन कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, मध्ये एक खळगा पडतो. पूर्वी लोक तिथे तपकिरीची चिमूट ठेवून ओढत, म्हणून इंग्रजीतही त्याला तपकिरीच्या डबीचेच नाव आहे. त्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तळहाताच्या बाजूला अंगठ्याखालच्या उंचवट्यावर दुखत असेल, किंवा अंगठा त्याच्या रेषेत मनगटाकडे ढकलल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी हाड मोडले आहे असे समजून हात बांधून ठेवायचा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे किंवा शक्य असल्यास लगेच एमआरआय करायचा, हा शिरस्ता आहे. तपासायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

अठरा दिवसांचे नुकसान किती, असे तुम्ही विचारता. चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ हे फ्रॅक्चर मोकळे राहिले, तर न जुळण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. तुम्ही त्या मर्यादेच्या आत आहात, ही जमेची बाजू.

सीटीचा सल्ला योग्य आहे, कारण हे हाड जुळले की नाही हे साध्या एक्स-रेवरून दोन अनुभवी डॉक्टरही एकमताने सांगतील असे नाही. हाडाच्या लांबीच्या दिशेने घेतलेल्या सीटीत फटीचा किती भाग भरला ते दिसते. निम्म्याहून अधिक भरला असेल, तर सहसा हात हळूहळू मोकळा करता येतो. ब्रिटनमध्ये स्कॅफॉइडच्या कमरेच्या फ्रॅक्चरचे ४३९ प्रौढ रुग्ण घेऊन ‘स्विफ्ट’ नावाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तुकडे दोन मिलिमीटरपेक्षा अधिक सरकलेले नसतील, तर सुरुवातीलाच स्क्रू घातलेल्या आणि आधी प्लास्टर घातलेल्या रुग्णांच्या हातांत वर्षभरानंतर म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र प्लास्टरमध्ये जे जुळत नाही, ते वेळीच ओळखून लगेच स्क्रूने बसवायचे, ही अट त्यात होती. तुमचे डॉक्टर त्याच वाटेने चालले आहेत असे दिसते. स्क्रूची वेळ आलीच, तर तो बिनडोक्याचा असतो आणि त्याच्या दोन टोकांच्या आट्यांचे अंतर वेगवेगळे असते, त्यामुळे तो फिरवताना दोन्ही तुकडे आपोआप एकमेकांवर दाबले जातात. टिमोथी हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन शल्यचिकित्सकांची ही कल्पना १९८४ पासून वापरात रुळली आहे.

एक प्रश्न नागपूरकर म्हणून विचारतो, राग मानू नका. खर्रा किंवा सिगारेट आहे का? धूम्रपानाने हे हाड जुळण्यात अडथळा येतो, हे वारंवार दिसून आले आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि खर्ऱ्यातही तंबाखूच असतो. ज्या हाडाला मुळातच एका बारीक वाटेने रक्त मिळते, त्याची तीही वाट अरुंद करू नये.

जुना यष्टिरक्षक

सक्करदरेकर भाऊ, सीटी पुढे ढकलू नका, एवढ्यासाठी माझी हकिकत लिहितो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना यष्टिरक्षण करताना मी उजव्या हातावर पडलो. एक्स-रे स्वच्छ होता आणि मला ‘लचकले आहे’ असे सांगण्यात आले. पंधरा दिवसांत दुखणे इतके कमी झाले, की मी पुन्हा खेळू लागलो. या हाडाची फसवणूक हीच आहे. ते मोडलेले असतानाही माणूस लिहितो, जेवतो, गाडी चालवतो. फक्त दंड काढताना आणि भरलेली बादली उचलताना मनगटात खोल कुठेतरी बोचत असे. चार वर्षे मी त्यावर मलम चोळत राहिलो.

शेवटी नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा एका ज्येष्ठ डॉक्टरांनी माझे दोन्ही हात नमस्कारात जोडायला सांगितले. उजवे कोपर डाव्यापेक्षा स्पष्टपणे खाली राहिले. त्यांनी एक्स-रे काढला आणि मला दाखवला : स्कॅफॉइडचे दोन तुकडे, मध्ये गुळगुळीत कडांची फट, जणू तिथे निसर्गानेच एक जादा सांधा केला होता. माझ्या शरीराच्या कंबरेच्या हाडातून तुकडा काढून त्या फटीत भरला, वर स्क्रू घातला आणि त्यानंतर चौदा आठवडे हात बांधलेला राहिला. हाड जुळले, पण मनगट मागे वळण्याचे प्रमाण पूर्ववत झाले नाही. न जुळलेले तुकडे तसेच राहू दिले असते, तर पुढच्या काही वर्षांत सगळे मनगट झिजून संधिवात झाला असता, असे मला सांगण्यात आले. तुम्हाला अठराव्या दिवशी कळले. मला चौथ्या वर्षी कळले.

महालातल्या काकू

आमच्याकडे हाड मोडले की कांडवेलीचा लेप लावतात आणि हाडवैदाकडून बांधून घेतात. माझ्या सासऱ्यांचा हात असाच जुळला होता. प्लास्टर काढल्यावर आईंना तरी तेल लावून जोरात चोळून द्यावे, असे मला वाटते. अनुभवाची गोष्ट आहे, म्हणून लिहिले.

मेडिकल चौकातला (अस्थिरोग)

काकू, तुमच्या सासऱ्यांचा हात जुळला यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण रेडिअसचे टोक लेप लावला तरी जुळते आणि न लावला तरी जुळते. ते सरळ जुळले की वाकडे, एवढाच प्रश्न असतो आणि तो लेपाच्या हातात नसतो. कांडवेलीशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते बांबूच्या कांबी आवळून बांधण्याशी. सूज वाढत असताना भोवतीचे बंधन ढिले होऊ शकत नसेल, तर आतला रक्तप्रवाह थांबतो, स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडतात. असे हात मी पाहिले आहेत आणि त्यांत लहान मुलांचेही आहेत. हा धोका घट्ट प्लास्टरलाही तितकाच आहे, म्हणून सुरुवातीला अर्धे, म्हणजे कच्चे प्लास्टर घालतात. बोटे निळी किंवा बधिर पडली, किंवा बोट दुसऱ्याने सरळ केले असता असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच इस्पितळात जावे.

रामदासपेठेतली फिजिओथेरपिस्ट

आईंच्या पोळीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. हाड जुळणे आणि हात चालू लागणे या दोन वेगळ्या तारखा आहेत. सहा आठवडे न हललेल्या मनगटाचे अस्थिबंध आखडतात, कंडरा आवरणाला चिकटतात आणि पकड निम्म्यावर येते. लाटणे फिरवताना मनगट मागे वळवून वरून भार द्यावा लागतो आणि नेमकी हीच हालचाल सर्वांत उशिरा परत येते. साधारण तीन महिन्यांत रोजची कामे जमू लागतात. पकडीतली सुधारणा मात्र वर्षभर चालू राहते.

जोरात चोळणे मात्र कटाक्षाने टाळावे. नुकत्याच मोकळ्या झालेल्या हातावर दुसऱ्याने जोर केला, की सूज वाढते आणि आखडणेही वाढते. त्याऐवजी कोमट पाण्यात हात दहा मिनिटे बुडवून, पाण्यातच मूठ उघडमीट करावी. मग छातीसमोर दोन्ही तळहात नमस्कारात जोडून ते तसेच चिकटलेले ठेवून हळूहळू खाली न्यावेत, म्हणजे कोपरे बाजूंना वर येतात आणि मनगट मागे वळते. त्यानंतर दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून उलटा नमस्कार करावा. कोपर अंगाला टेकवून, तळहातावर आरतीचे ताट धरल्यासारखा पंजा वर करायचा आणि मग पालथा करायचा, हा व्यायामही हवा, कारण या फ्रॅक्चरनंतर अनेकांना दुकानदाराकडून सुटे पैसे ओंजळीत घेता येत नाहीत. ओला नॅपकिन पिळणे पुढच्या टप्प्यात ठेवा. पिळताना करंगळीच्या बाजूला दुखत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. खांद्याकडेही लक्ष असू द्या. गळ्यात झोळी अडकवून सहा आठवडे बसलेल्या व्यक्तीचा खांदा गोठतो आणि मग वेणी घालता येत नाही.

एक चाचणी आजच करून पाहा. आईंना उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवायला सांगा आणि बाकीचा पंजा न उचलता फक्त अंगठा छताकडे उचलायला सांगा. फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी, विशेषतः हाड फारसे सरकलेले नसताना, अंगठा उचलणारी कंडरा झिजून तुटल्याची उदाहरणे आहेत. त्यात दुखत नाही, म्हणून लोक त्याला अशक्तपणा समजतात. अंगठा उचलला जात नसेल, तर व्यायामाने तो येणार नाही. तर्जनीची जादा कंडरा वळवून जोडावी लागते. हात सतत जळजळत असेल, कातडी चकाकत असेल, घाम आणि रंग दुसऱ्या हातापेक्षा वेगळा असेल, तर तेही लगेच दाखवा.

आणखी एक गोष्ट, जी प्लास्टर काढताना सांगायची बहुधा राहून जाते. उभ्या उंचीवरून घसरून पडल्याने ६१ व्या वर्षी मनगट मोडणे ही अस्थिसुषिरतेची, म्हणजे हाडे विरळ होण्याची पहिली खूण असू शकते. पन्नाशी-साठीतली स्त्री पडताना हात पुढे करते, म्हणून मनगट मोडते; पुढे वय वाढून तो हात वेळेवर पुढे येईनासा होतो आणि मग खुबा मोडतो. मधल्या वर्षांत डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घेतली आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतले, तर उपचाराला वाव असतो. डेक्सात टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर तुमचे डॉक्टर औषधाबद्दल बोलतील. नातेवाइकांची कॅल्शियमची शंका घरातल्या चुकीच्या व्यक्तीवर बसली आहे.

जाता जाता पाटलीबद्दल. हाताला मार लागताच, सूज यायच्या आत, साबणाचे पाणी लावून बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात. आमच्याकडे आठवड्याला एक तरी कापलेली बांगडी येते.

सक्करदरेकर

सर्वांचे मनापासून आभार. परवा सीटी झाला. तळहाताच्या बाजूला फट बऱ्यापैकी भरलेली आहे, पाठीकडच्या बाजूला अजून मोकळी आहे, आणि सगळे मिळून निम्म्याच्या आसपास जुळले आहे असे डॉक्टर म्हणाले. तुकडे सरकलेले नाहीत. आणखी चार आठवडे प्लास्टर ठेवायचे, पुन्हा सीटी करायचा आणि तेव्हाही पाठीकडची फट तशीच असेल तर स्क्रू घालायचा, असे ठरले आहे. खर्ऱ्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, दिवसाला दोन’ असे होते. परवापासून बंद केला आहे. यष्टिरक्षक भाऊ, तुमची हकिकत मी डॉक्टरांना वाचून दाखवली. त्यांनी मला प्लास्टर सुटल्यावर महिनाभराने नमस्कार करायला बोलावले आहे.

आईचा अंगठा टेबलावरून व्यवस्थित उचलला गेला. नमस्कारात मात्र तिचे उजवे कोपर बरेच खाली राहते. रोज सकाळी देवापुढे ते किती वर आले हे ती मला बघायला लावते. डेक्साची वेळ येत्या मंगळवारची मिळाली आहे. कापलेली पाटली इतवारीतल्या सोनाराकडे दिली. ती जुळायला किती दिवस लागतील, असे आईने विचारले, तेव्हा ‘उद्या संध्याकाळी या,’ असे तो म्हणाला.